दोन रॅकेटी, एकच तोल

आंतरशालेय सामन्यांना जाताना आपल्या संघातला प्रत्येक टेनिसपटू किटबॅगेत दोन रॅकेटी घेतो. एकीची तार तुटली की दुसरी घेऊन खेळ पुढे चालू. पण दोन्ही रॅकेटी एकाच कंपनीच्या आणि एकाच मॉडेलच्या असल्या, तरी हातात सारख्या लागतीलच असे नाही. कारखान्यातून येतानाच वजनात काही ग्रॅमचा आणि तोलात काही मिलिमीटरचा फरक असू शकतो. शेवटच्या सेटमध्ये ५-५ असताना हा फरक कळून काही उपयोग नसतो. संघाच्या रॅकेटी जुळवण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. त्याला अकरावीच्या फिजिक्सपलीकडे काही लागत नाही, म्हणून ती पद्धत इथे लिहितो.

तीन मोजमापे

पहिले मोजमाप वजनाचे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. दुसरे तोलाचे. जाड पट्टी कडेवर उभी धरून तिच्यावर रॅकेट आडवी ठेवा आणि ती जिथे स्थिर राहते तिथे खूण करा. मुठीच्या टोकापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे तोलबिंदू. नेहमीची रॅकेट सुमारे ६८.५ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे मध्य ३४.२५ वर येतो. तोलबिंदू त्याच्या अलीकडे, मुठीकडे असेल, तर रॅकेट ‘हेड लाइट’. पलीकडे असेल तर ‘हेड हेवी’. दोन्ही मोजमापे तारा आणि ग्रिप लावलेल्या रॅकेटचीच घ्यावीत.

तिसरे स्विंगवेट, म्हणजे रॅकेट फिरवताना जाणवणारा जडपणा. रायफल मध्यावर धरून उचला, मग बटाजवळ धरून नळी पुढे ताठ ठेवून पाहा. वजन तेच, पण मनगट लगेच फरक सांगते. फिजिक्समध्ये यालाच मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. रॅकेटसाठी तो मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवरच्या अक्षाभोवती मोजतात. त्यात अंतराचा वर्ग येतो, म्हणून वजन किती लावले याइतकेच ते कुठे लावले हेही महत्त्वाचे असते.

वजन कुठे लावायचे

यासाठी शिशाची चिकटपट्टी मिळते. जागा सांगायला, टार्गेट दाखवताना वापरतो तीच घड्याळाची पद्धत चालते. रॅकेटचा माथा म्हणजे १२ वाजता, दोन्ही बाजू म्हणजे ३ आणि ९ वाजता.

१२ वाजता लावलेला एक ग्रॅम स्विंगवेट सर्वांत जास्त वाढवतो, ३ आणि ९ वर लावलेल्या एका ग्रॅमच्या जवळजवळ दुप्पट. फटक्याला जोर येतो, पण नेटजवळ व्हॉली घेताना रॅकेट हलवायला उशीर होतो. ३ आणि ९ वर पट्टी लावली, तर चेंडू मध्याबाहेर लागला तरी रॅकेट हातात कमी पिळते. मुठीत वजन घातले, तर एकूण वजन वाढते, तोल मुठीकडे सरकतो आणि स्विंगवेट फारसे बदलत नाही.

नियमांची यात अडचण नाही. वजनाची विभागणी बदलण्यासाठी फ्रेमवर पट्टी लावायला टेनिसच्या नियमांत परवानगी आहे. तारांवर मात्र नाही. पीट सॅम्प्राससारखा खेळाडूही शिशाची पट्टी लावलेल्या, जड रॅकेटने खेळत असे.

जोडी जुळवणे

समजा, पहिली रॅकेट ३१० ग्रॅमची आहे आणि तिचा तोल ३२.० सेंटिमीटरवर आहे. दुसरी ३०५ ग्रॅमची, तोल ३१.७ वर. प्रत्येकीच्या वजनाला तोलाच्या अंतराने गुणा. पहिलीचे ९९२० येतात, दुसरीचे ९६६८.५. फरक २५१.५. वजनातला फरक ५ ग्रॅम. २५१.५ भागिले ५ म्हणजे ५०.३. याचा अर्थ, दुसऱ्या रॅकेटला मुठीच्या टोकापासून सुमारे ५० सेंटिमीटरवर ५ ग्रॅम लावायचे. ही जागा जवळजवळ ३ आणि ९ वाजताच येते. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच ग्रॅम लावले की वजन आणि तोल दोन्ही जुळतात.

स्विंगवेटची खात्री झोक्याने करता येते. दोन्ही रॅकेटींची माथ्याजवळची तीच आडवी तार एका बारीक गजावर अडकवा, छोटा झोका द्या आणि २० झोक्यांचा वेळ स्टॉपवॉचने घ्या. वजन आणि तोल आधीच सारखे आहेत. वेळही सारखा आला, तर स्विंगवेटही सारखे आहे.

पट्टी कायमची बसवण्याआधी खेळून पाहावे. रायफल झिरो करताना आपण एका वेळी एकच बदल करतो, मग ग्रुप फायर करून पाहतो. इथेही तसेच. एका वेळी दोन-तीन ग्रॅमच वाढवा, दोन-तीन दिवस खेळा आणि आकडे वहीत लिहून ठेवा.

काळजी

शिसे विषारी आहे. पट्टी कापल्यावर हात साबणाने धुवा, तुकडे खाली पडू देऊ नका आणि लावलेली पट्टी वरून टेपने झाका. ज्युनिअर कॅडेट्सनी हे काम सिनिअरकडून करून घ्यावे.

पालकांसाठी एक गोष्ट. रॅकेटचे वजन वाढवणे सोपे, कमी करणे जवळजवळ अशक्य. चामड्याची ग्रिप काढून हलकी ग्रिप लावली तर थोडे ग्रॅम वाचतात, इतकेच. म्हणून सहावी-सातवीतल्या मुलाला ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून मोठ्यांची जड रॅकेट घेऊन देऊ नये. ती फिरवता फिरवता मनगट आणि कोपर दुखू लागते. हलकी घ्या, मुलगा वाढेल तसे वजन वाढवता येते. आणि कोपर दुखत असेल, तर पट्टीची जागा बदलत बसू नका. खेळ थांबवून आधी एमआय रूममध्ये दाखवा.

ज्या कॅडेट्सना आपल्या रॅकेटी मोजून हव्या असतील, त्यांनी रविवारी गेम्सनंतर दोन्ही रॅकेटी घेऊन स्पोर्ट्स स्टोअरमध्ये यावे. काटा, पट्टी आणि वही तिथेच आहे.