टॉवरखालचा जनरेटर
मोबाइल टॉवर म्हटलं की माहूरसारख्या गावातही चर्चा रेडिएशनवरच अडकते. धूर आणि गोंगाट मात्र येतो पायथ्याच्या डिझेल जनरेटरमधून. वीज गेली की आधी बॅटऱ्या भार उचलतात. त्या उतरल्या की इंजिन धडधडू लागतं. त्याच्या धुरात काजळीचे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. लिटरमागे अडीच किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड वेगळाच. जनरेटरच्या आवाजरोधक पेटीपासून १ मीटरवर ७५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० नंतर मर्यादा ४५ डेसिबल! पेटीचं दार उघडं ठेवलं (उकाड्यात सर्रास ठेवतात) की सगळा बंदोबस्त फुकट. तसं दिसलं तर पोलिसांकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेळ-तारखेसह लेखी तक्रार द्या.