भुसावळ सोडून जळगावला जावं का? गणित कुणाचं धरायचं?

आपल्याकडे मुंबईसारखी उपनगरं नाहीत, पण 'अप-डाऊन' आहे. भुसावळहून जळगावला रोज जाणारे, चाळीसगाव-धुळे गाडीने कामाला येणारे, देवपुरातून पांझरा ओलांडून धुळ्याच्या पेठेत जाणारे. या सगळ्या घरांत कधी ना कधी एक प्रश्न निघतोच: रोजची दगदग पुरे, शहरातच खोली घ्यायची का?

सध्या हा प्रश्न माझ्या मावशीच्या घरी आहे. काका जळगावच्या एमआयडीसीत, मावशी भुसावळला घरीच ब्लाऊज शिवते, मुलगा यंदा अकरावीला. मी पीएचडी करतोय म्हटल्यावर "तूच सांग बुवा" असं झालं. म्हणून या विषयावरचं संशोधन काय म्हणतं ते इथे मांडतो.

आधी प्रवासाचं. भुसावळ-जळगाव अंतर साधारण 25 किलोमीटर, गाडीत अर्धा तास. पण घरातून स्टेशन, गाडीची वाट, उतरल्यावर रिक्षा, हे धरलं की एका बाजूचा सव्वा तास सहज होतो. अर्थशास्त्राचा जुना तर्क असा की, लांबून येणाऱ्याला त्याचा मोबदला मिळतोच, स्वस्त घर किंवा चांगला पगार. त्यामुळे एकूण समाधान सारखंच राहायला हवं. स्टुट्झर आणि फ्राय यांनी जर्मनीतल्या हजारो लोकांच्या अनेक वर्षांच्या उत्तरांवर हा तर्क तपासला. 2008 साली छापलेल्या त्यांच्या निबंधात उलटंच निघालं: जास्त वेळ प्रवास करणारे लोक कमी समाधानी होते. म्हणजे स्वस्त घराचा फायदा आपण मोजतो, आणि रोजच्या थकव्याची किंमत कमी धरतो.

मग सरळ शहरात जावं? थांबा. हे एकट्या माणसाचं झालं. कुटुंबाचं गणित वेगळं असतं.

कोलंबिया विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सर यांनी 1978 साली ते मांडलं. त्यांचं म्हणणं: स्थलांतर करताना घर सगळ्यांच्या नफ्या-तोट्याची बेरीज करतं. बेरीज शून्याच्या वर गेली की सामान बांधायचं. मावशीकडचे आकडे अंदाजे असे समजा (दरमहा):

- काकांचा ओव्हरटाइम: +5000
- काकांचा जाण्यायेण्याचा खर्च वाचला: +1500
- मुलाच्या क्लासचा प्रवास वाचला: +1500
- जळगावचं जास्तीचं भाडं: −3500
- मावशीची गिऱ्हाइकं तुटली (6000 वरून 2500): −3500

बेरीज +1000. म्हणजे जावं! पण मावशीची एकटीची ओळ बघा, उणे साडेतीन हजार. एकटी असती तर ती हलली नसती. अशा व्यक्तीला मिन्सर 'टाइड मूव्हर' म्हणतात, नात्यापायी निघालेली. याच्या उलट 'टाइड स्टेअर', म्हणजे घरच्यांसाठी चांगली संधी सोडून थांबलेली. अमेरिकेची आकडेवारी पाहून मिन्सर यांनी दाखवलं की, असा तोटा जास्त करून बायकोच्या कमाईला बसतो, आणि दोघं कमावते असले की घर हलण्याची शक्यता कमी होते.

तुम्ही म्हणाल, बेरीज वर आहे ना, मग काकांनी मावशीची भरपाई करावी. "तिकडे गेल्यावर तुला छोटं दुकान टाकून देऊ" हे वाक्य आपल्या घरांत ऐकलेलं असतंच. शेली लुंडबर्ग आणि रॉबर्ट पोलाक यांनी 2003 मध्ये नेमकं इथे बोट ठेवलं. घर हललं की घरातलं वजनही बदलतं. ज्याची कमाई वाढली त्याचा शब्द जड होतो, जिची घटली तिचा हलका. आणि घरातल्या वचनाला करारासारखी सक्ती नसते. काका वाईट असतात असं नाही. पण नव्या जागी डिपॉझिट, फी, आजीची औषधं पुढे येतात आणि दुकान मागे पडतं. हे ठाऊक असल्यामुळे कधी कधी सगळ्यांच्या फायद्याचं स्थलांतरसुद्धा होत नाही, कारण तोटा होणारी व्यक्ती, साहजिकच, तयार होत नाही.

म्हणून मी मावशीकडे जा किंवा नका जाऊ असं सांगितलं नाही. दोनच गोष्टी सांगितल्या.

एक, कागदावर एकच बेरीज करू नका, प्रत्येकाची ओळ वेगळी लिहा. आजीचीसुद्धा. तिच्या ओळीत रुपये नसतील, पण भजनी मंडळ आणि ओळखीचा डॉक्टर आहे.

दोन, ज्याच्या ओळीत उणे येईल त्याची भरपाई सामान हलवण्याआधी करा. खोली बघताना रस्त्याला लागून, तळमजल्याची बघा, म्हणजे मशीन तिथे बसेल आणि बोर्ड दिसेल. भाडं पाचशे जास्त गेलं तरी बेरीज वरच राहते. काकांनी अजून एक वर्ष पास काढून अप-डाऊन केलं आणि तेवढ्यात मावशीने जळगावात चार गिऱ्हाइकं जोडली, हाही मार्ग आहे.

कागद लिहून झालाय. आजीची ओळ अजून रिकामी आहे, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. रविवारी विचारणार आहेत.