हे गाणं ऐकलंस का?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. साताऱ्याहून पुण्याला परत येत होतो. गाडी मी चालवत होतो, मागच्या सीटवर आई आणि सतरा वर्षांचा भाचा. भाच्याच्या कानात नेहमीप्रमाणे इअरफोन. खंबाटकीचा बोगदा मागे पडला आणि शिरवळच्या अलीकडे वाहनांची रांग लागली. तेवढ्यात त्याच्या इअरफोनची बॅटरी संपली. काय करावे म्हणून शेवटी असे ठरले की, गाडीतल्या स्पीकरवर प्रत्येकाने आळीपाळीने आपले एकेक आवडते गाणे लावायचे. अट एकच. गाणे मध्येच बंद करायचे नाही.

भाच्याने मुंबईच्या कुठल्याशा तरुणाचे रॅप लावले. मला त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. आई मात्र शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, ''दम लागत नाही का रे या पोराला? आमच्या गावात शाहीर यायचे, ते असंच एका श्वासात म्हणायचे.'' मग तिची पाळी आली. ती एखादा अभंग सांगणार हे आम्ही गृहीतच धरले होते. ती म्हणाली, ''सुलोचना चव्हाणांची लावणी लाव.''

मी आरशातून मागे पाहिले. आई खिडकीबाहेर बघत होती. तिच्या माहेरी लावणीला बंदी होती. शेजारच्या घरी रेडिओवर लावणी लागली की ही मागील दारी भांडी घासायला बसायची आणि गाणे संपेपर्यंत भांडी संपू द्यायची नाही. साठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट तिने आम्हाला कधी सांगितली नव्हती. सांगणार तरी कशी? आम्ही कधी विचारलेच नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. आपल्या घरातल्या माणसांना कोणती गाणी आवडतात, हे आपल्याला खरोखर ठाऊक असते का? त्यांची दुखणी आपल्याला ठाऊक असतात. चहात साखर किती, भाजीत तिखट किती, हेही ठाऊक असते. पण एकांतात ते कुठले गाणे गुणगुणतात, हे सांगता येईल का?

गाणे ही मुळात दुसऱ्याला द्यायची गोष्ट आहे. आपल्याकडे याचे सर्वात जुने ठिकाण कोणते म्हणाल, तर जाते. पहाटे दोघी बायका समोरासमोर बसत. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने ती झेलायची. समोर श्रोते नसत, टाळ्या नसत. सासुरवास, माहेरची ओढ, भाऊ, विठ्ठल, जे कुणापाशी बोलता येत नसे ते ओवीतून समोरचीच्या ओंजळीत पडे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावे पिंजून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते काम किती मोठे, हे वेगळे सांगायला नको. पण या ओव्या अशा वेचून ठेवण्याची वेळ का आली? गावात पिठाची गिरणी आली. बायकांच्या हातांचे कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. मात्र जाते कोपऱ्यात गेले तशी दोघींनी समोरासमोर बसण्याची वेळही गेली. ओव्या त्या बायकांच्या स्मरणात होत्याच. त्या म्हणायच्या कुठे आणि कुणापुढे, एवढेच उरले नव्हते. गाणी एकदम हरवत नाहीत. आधी ती ऐकवायची जागा हरवते.

जात्यानंतर ही जागा बऱ्याच अंशी रेडिओने घेतली. वाड्यात किंवा चाळीत एकाकडे रेडिओ असला तरी ऐकत सगळेच. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे संगीत. वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली. ती कुणी एकट्याने ऐकली नाहीत. गाणे झाल्यावर त्यावर ओट्यावर चर्चा होई, शब्द वहीत उतरवून घेतले जात, सुटलेली ओळ शेजारणीला विचारली जाई.

त्याच काळात एक मोठा मजेशीर प्रसंग घडला. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर चाहते. देशाची अभिरुची उंचवावी या कळकळीने त्यांनी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. अनेक थोर गवयांचे गाणे त्यामुळे घरोघरी पोहोचले, हे त्यांचे ऋण मान्यच करायला हवे. पण याच कळकळीपोटी हिंदी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर चाप बसला. लोकांनी काय केले? रेडिओची सुई फिरवली आणि थेट सिलोन लावले. १९५२ मध्येच तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढे बुधवारचे रात्रीचे आठ हे साऱ्या देशाचे ठरलेले वेळापत्रक झाले. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. हुकूम काढून आवड लागत नाही, एवढा धडा त्यातून मिळाला. शेजारी बसून कुणी म्हणाले, ''हे जरा ऐक रे,'' तर मात्र ती लागते.

'आपली आवड'सारख्या कार्यक्रमांत गाण्याआधी श्रोत्यांची नावे वाचली जात, गावांसकट. परक्या गावातल्या कुणाला तरी आपल्याला आवडणारेच गाणे आवडते, याचा केवढा आनंद असे! पोस्टकार्ड पाठवणाऱ्याला ते गाणे पाठ असायचे. तरी तो पाठवी, कारण ते सर्वांनी ऐकावे, आणि ते आपण ऐकवले हे सर्वांना कळावे, अशी त्याची इच्छा असे.

या देण्याघेण्यात गाण्याच्या जातीपातीही गळून पडत. १९५६ च्या 'बसंत बहार' या चित्रपटात भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांची जुगलबंदी आहे. कथेप्रमाणे जिंकायचे होते मन्ना डे यांना, आणि समोर प्रत्यक्ष भीमसेन, म्हणून त्यांना घाम फुटला होता, असे ते स्वतःच सांगत. चित्रपट पाहायला गेलेल्या किती जणांना ख्यालगायकीची पहिली चव तिथेच लागली असेल! पुढे याच भीमसेनांच्या 'संतवाणी'ला टाळकरी वारकरी आणि रागदारीचे जाणकार एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले. गोव्यातल्या चर्चमध्ये सुरांचे शिक्षण घेतलेले वादक मुंबईच्या स्टुडिओंत आले आणि हिंदी गाण्यांमागचे व्हायोलिनचे ताफे त्यांनी उभे केले. त्यांच्यातलेच माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. संगीतकार प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या नायकाच्या तोंडच्या गाण्यात शिष्याने गुरूचे नाव गुंफले. देशभर लोक त्या गाण्यावर नाचले, पण ती गुरुदक्षिणा आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

आज परिस्थिती काय आहे? गाण्यांची टंचाई उरलेली नाही. मोबाइलवर बोट फिरवले की बालगंधर्व हजर, बीथोवन हजर. शिवाय पुढचे गाणे कोणते ऐकावे हेही यंत्रच सुचवते आणि ते बहुधा आवडतेही. आवडणारच, कारण आपण काल जे ऐकले त्याच्याच भावकीतले ते असते. यंत्र आपली आवड आपल्यालाच पुन्हा वाढते. आईच्या पुढ्यात रॅप आणि भाच्याच्या पुढ्यात लावणी ठेवण्याची बुद्धी त्याला सहसा होणार नाही. ते काम माणसाचे. यंत्राला आपण काय ऐकले ते कळते. माणूस मात्र स्वतःचे काहीतरी आपल्या हाती ठेवतो आणि आपल्या चेहऱ्याकडे बघत बसतो.

साऱ्या मानवजातीनेच एकदा असे गाणे कुणाच्या तरी हाती ठेवले आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली. वाटेत कुणी भेटलेच तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवली. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या मंडळींनी तिच्यासाठी जगभरातले २७ संगीताचे नमुने निवडले. त्यात बाख आहे, सेनेगलचे ढोल आहेत, जावाचे गमेलान आहे आणि चक बेरीचे रॉक अँड रोलही आहे. हे शेवटचे फारच पोरकट, असा आक्षेप आला, तेव्हा पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत, असे उत्तर सेगन यांनी दिल्याचे सांगतात.

या २७ नमुन्यांत भारताचा एक आहे. गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी. साडेतीन मिनिटांची. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने ती सुचवली. पण रेकॉर्ड मिळेना. शोधता शोधता ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली, टेबलाखालच्या खोक्यात. दोन्ही याने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघाली आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या. आज पहिले व्हॉयेजर पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे. आपले कुठलेही गाणे इतक्या लांब गेलेले नाही. ज्याला भारतीय संगीताविषयी मनापासून काही वाटत होते अशा एका माणसाने ''हे घ्याच'' म्हटले, म्हणून ते गेले.

याच तबकडीवर छिन या सात तारांच्या प्राचीन चिनी वाद्यावरची एक रचना आहे, वाहत्या पाण्याची. परंपरा ती बो या नावाच्या वादकाशी जोडते. त्याचा एक मित्र होता, झोंग झिची. बो याने पर्वत मनात आणून वाजवले की मित्राला पर्वत दिसे, पाणी मनात आणून वाजवले की पाणी. हा मित्र वारला तेव्हा बो याने वाद्याच्या तारा तोडल्या आणि पुन्हा कधी वाजवले नाही. कलावंताला ऐकणारा लागतो, हे आपण नेहमीच म्हणतो. घरातल्या साध्या माणसालाही तो लागतोच.

माझे वडील जाऊन अकरा वर्षे झाली. ते रोज सकाळी रेडिओ लावत, दाढी करताना काहीतरी गुणगुणत. काय गुणगुणत? आठवत नाही. त्या वेळी मला शाळेची घाई असे, पुढे कॉलेजची, मग नोकरीची. शिरवळच्या रांगेत आईची लावणी संपल्यावर मी तिला विचारले, ''बाबांना कोणतं गाणं आवडायचं गं?'' ती बराच वेळ गप्प राहिली. म्हणाली, ''मलाही नक्की नाही सांगता येणार. आम्ही असं बसून कधी ऐकलंच नाही.'' आता कुठलीही तबकडी, कुठलाही मोबाइल याचे उत्तर देऊ शकणार नाही.

म्हणून आमच्या घरी आता एक रिवाज पडला आहे. रविवारी जेवण झाले की अर्धा तास बैठक. प्रत्येकाचे एक गाणे, आणि ते का आवडते याची दोन वाक्ये. नावे ठेवायची नाहीत, मध्येच उठायचे नाही. सगळेच सगळ्यांना आवडते असे मुळीच नाही. भाच्याच्या काही गाण्यांनी माझे डोके दुखते, माझ्या नाट्यपदांना तो जांभया देतो. पण परवा त्याने आपणहून आजीला विचारले, ''तुमचे ते शाहीर काय म्हणायचे गं? एखादा कडवं येतं का तुला?'' आईला दोन आली. तिसरे अडले. ते तिच्या धाकट्या बहिणीला येत असावे, असे तिला वाटले. तिने लगेच फोन लावला.