उत्तर बरोबर, पण कधीचं?

‘महाराष्ट्रातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा कोणता?’ पर्याय : मुंबई उपनगर, पुणे, ठाणे, नाशिक. सकाळी सात-साडेसातला असा प्रश्न ग्रुपवर पडला की ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या अंगठे चालायला लागतात. पाच मिनिटांत उत्तरांची रांग, आणि बहुतेकांचं उत्तर ‘ठाणे’. ॲडमिन हिरवी टिक टाकतो, खाली टाळ्यांचे इमोजी, विषय बंद.

आता जरा आकडे बघू. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती १ कोटी १० लाख ६० हजार. राज्यातच काय, देशात पहिला नंबर. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला आणि जाताना, त्याच जनगणनेच्या हिशोबाने, जवळपास ३० लाख माणसं घेऊन गेला. ठाण्याकडे उरली ८० लाख ७० हजार. पुण्याची ९४ लाख २९ हजार, मुंबई उपनगरची ९३ लाख ५७ हजार. म्हणजे आजच्या ३६ जिल्ह्यांच्या नकाशावर तेच आकडे मांडले तर पुणे पहिलं आणि ठाणे थेट तिसरं! ‘ठाणे’ हे उत्तर चूक नाहीये. ‘२०११ ची जनगणना, तेव्हाचे ३५ जिल्हे’ या शेपटासकट ते बरोबर आहे. फॉरवर्ड होता होता शेपूट मात्र गळून पडतं. आणि ऐरोली ते बेलापूर राहणारे आपण सगळे याच ठाणे जिल्ह्यातले, तरी आपल्याला शंका येत नाही.

‘एवढ्याशा प्रश्नाचं काय मोठं’ असं कुणी म्हणेल. घरी टीव्हीसमोर बसून उत्तरं देणाऱ्यांसाठी खरंच काही नाही. पण आपल्यातले कितीतरी जण कॉलेजनंतर अभ्यासिका गाठतात, राज्यसेवा, कम्बाइन, पोलीस भरती असं काहीतरी डोक्यात असतं. तिथे एका प्रश्नाने कट-ऑफच्या अलीकडे की पलीकडे हे ठरतं, आणि यातल्या काही परीक्षांत उत्तर चुकलं तर हातातले गुणही कापले जातात. त्यांच्यासाठी रोजचे दहा प्रश्न टाइमपास नसतात, तो अभ्यासच असतो.

तसं जीके आपल्याला लहानपणापासून चिकटलेलं आहे. मराठी शाळेत शिकलेल्यांना परिपाठ आठवत असेल. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग सामान्य ज्ञानाचे प्रश्न. उन्हात रांगेत उभं राहून ‘महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता?’ ‘शेकरू!’ असं एका सुरात ओरडायचं. ज्यांनी शेकरू आयुष्यात पाहिली नाही तेही ओरडायचे. त्यात २००० साल आलं, ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि पहिले करोडपती झाले मुंबईचे हर्षवर्धन नवाथे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. २०१९ मध्ये शाळेत खिचडी शिजवणाऱ्या अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे त्याच खुर्चीत बसून एक कोटी जिंकल्या. जीके म्हणजे नोकरी आणि जीके म्हणजे नशीब, या दोन्ही गोष्टी आपल्या घरांमध्ये पक्क्या बसल्या त्या अशा.

रोज प्रश्न सोडवणं ही सवय चांगलीच आहे, हेही सांगून टाकते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. लगेच चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्या डोक्यात जास्त शिल्लक होतं. म्हणजे ठोकळा पाचव्यांदा वाचण्यापेक्षा प्रश्न सोडवणं बरं. पण याच्याही आधीचा, १९७७ चा एक प्रयोग आहे. त्यात विद्यार्थ्यांना जीके छापाची विधानं ऐकवली, काही खरी, काही खोटी. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा. प्रत्येक वेळी काही विधानं तीच होती, बाकी नवी. परत परत कानावर पडलेली विधानं विद्यार्थ्यांना जास्त खरी वाटू लागली, मग ती मुळात खोटी का असेनात. आपले ग्रुप रोज सकाळी नेमकं हेच करतात.

‘भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?’ घ्या. हॉकी, अजून काय! पण सरकारने कोणत्याच खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेलं नाही. २०१२ मध्ये माहिती अधिकारात विचारल्यावर क्रीडा मंत्रालयाने हे लेखी सांगितलं. २०२० मध्ये आपल्या धुळे जिल्ह्यातल्या एका शिक्षकांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. तरी पुढच्या सोमवारी तुमच्या ग्रुपवर ‘हॉकी’ला हिरवी टिक मिळणार, याची खात्री बाळगा.

हे पसरतं कसं, याचा एक भन्नाट किस्सा अमेरिकेत घडला. फ्रेड वर्थ नावाच्या माणसाने १९७४ मध्ये ‘ट्रिव्हिया एनसायक्लोपीडिया’ काढला आणि त्यात मुद्दाम एक खोटी गोष्ट पेरली. टीव्हीवरच्या ‘कोलंबो’ या गुप्तहेराचं पहिलं नाव म्हणे फिलिप. मालिकेत त्याला कुणी पहिल्या नावाने हाकच मारत नाही! काही वर्षांनी ‘ट्रिव्हियल पर्सूट’ हा प्रश्नांचा खेळ जगभर गाजला, आणि त्यात हा प्रश्न उत्तरासकट हजर. चोर सापडला म्हणत वर्थने १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळवाल्यांनी त्याचं पुस्तक वापरल्याचं कबूलही केलं. पण कोर्टाचं म्हणणं पडलं की नुसत्या तथ्यांवर कुणाचीच मालकी नसते. वर्थ हरला, फिलिप मात्र त्यानंतरही लोकांच्या तोंडी राहिला. आपल्याकडे तर असा सापळा लावायचीही गरज नाही. एका चॅनेलचं वन-लायनर दुसऱ्याने उचलायचं, वर आपला लोगो चिकटवायचा. टायपो झाला असेल तर तोही लोगोसकट पुढे जातो.

आता आपल्या गावाकडे येऊ. नवी मुंबईवर गेल्या दोन-तीन वर्षांत प्रश्नांचा पाऊस पडतोय, आणि त्यातल्या बऱ्याच प्रश्नांना एकापेक्षा जास्त उत्तरं आहेत. विमानतळ कधी सुरू झाला? उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, पहिलं प्रवासी विमान २५ डिसेंबर २०२५ ला. प्रश्नात ‘उद्घाटन’ आहे की ‘उड्डाण’, यावर गुण अडकलेला. महापालिका कधीची? स्थापना १७ डिसेंबर १९९१, कारभार १ जानेवारी १९९२ पासून. देशातला सर्वात लांब सागरी पूल? आता अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला, २१.८ किलोमीटर, त्यातला सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. अभ्यासिकेच्या कपाटातल्या जुन्या ठोकळ्यात अजून वांद्रे-वरळी सी लिंकच असेल, आणि तो ठोकळा छापला तेव्हा ते बरोबरच होतं.

माझा सगळ्यात आवडता मात्र ऐरोलीच्या खाडीचा. ‘महाराष्ट्रात रामसर स्थळं किती?’ २०१९ मध्ये विचारलं असतं तर एकही जाहीर झालेलं नव्हतं. जानेवारी २०२० मध्ये नाशिकच्या नांदूरमधमेश्वरची घोषणा झाली, त्याच वर्षी लोणारचं सरोवर आलं, आणि २०२२ मध्ये तिसरी आली ती आपली ठाणे खाडी, जिथे फ्लेमिंगो उतरतात. तीन वर्षांच्या आत तीन वेळा उत्तर बदललं. २०२१ ची नोट्सची पीडीएफ घेऊन बसलेल्याचं काय होणार, सांगा. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या नावांबद्दल तर बोलायलाच नको, तिथे प्रश्न आणि पर्याय दोन्ही बदलले.

आणि ‘जगातील सर्वात मोठं नियोजित शहर कोणतं?’ हे आपलं लाडकं. उत्तर अर्थातच नवी मुंबई. मीही शाळेत हे अभिमानाने सांगायचे. पण मोठं कशाने? क्षेत्रफळाने की लोकसंख्येने? आणि कोणती नवी मुंबई? सिडकोची नवी मुंबई म्हणजे ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन. महापालिकेची नवी मुंबई त्याहून बरीच लहान, दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच. खारघर, कामोठे, कळंबोली ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत. खारघरच्या मित्राला ‘तू नवी मुंबईचा की पनवेलचा’ विचारून बघा, चहा संपेपर्यंत वाद चालेल. एका ओळीच्या प्रश्नात यातलं काहीच मावत नाही.

शिवाय हे ‘नियोजित’ नियोजन कुणाच्या जमिनीवर झालं, हा प्रश्न मी कुठल्याच डेली क्विझमध्ये पाहिला नाही. सिडको १७ मार्च १९७० ची, हे सगळ्यांना पाठ. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, हे निदान अभ्यास करणाऱ्यांना माहीत असतं. पण ती ९५ गावं आगरी-कोळ्यांची होती, भातशेती आणि मिठागरांची होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलीस गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड द्यायची योजना या लढ्यातून आली. आज प्रॉपर्टीच्या जाहिरातींत ‘साडेबारा टक्क्यांचा प्लॉट’ वाचतो तो हाच. जासईला दरवर्षी जानेवारीत हुतात्म्यांना अभिवादन होतं. यात तारखा आहेत, आकडे आहेत, माणसं आहेत. प्रश्न तयार करायला अजून काय लागतं?

गंमत म्हणजे ज्या परीक्षेसाठी आपण एवढी वन-लायनर पाठ करतो, ती परीक्षा घेणारा आयोग स्वतः उत्तराबाबत एवढा बिनधास्त नसतो. एमपीएससीच्या पूर्व परीक्षेनंतर आधी एक उत्तरतालिका येते, अंतिम नसलेली. मग ठरलेल्या मुदतीत उमेदवारांनी हरकती घ्यायच्या, पुराव्यासकट. त्या तपासून अंतिम उत्तरतालिका लागते आणि त्यात कधी उत्तर बदलतं, कधी अख्खा प्रश्न रद्द होतो. म्हणजे आयोगाच्याही लेखी उत्तर हे आधी एक म्हणणं असतं, ते सिद्ध करावं लागतं. ‘ग्रुपवर आलं होतं’ हा पुरावा तिथे चालत नाही. जनगणनेचा तक्ता, राजपत्र, शासन निर्णय, स्टेट बोर्डाचं पुस्तक असं काहीतरी दाखवावं लागतं. फक्त उत्तर पाठ असणारा आपला हक्काचा गुणही मागू शकत नाही, कारण ते उत्तर कुठून आलं हेच त्याला ठाऊक नसतं.

ज्यांचा अभ्यास खरंच पक्का असतो त्यांच्या वह्या कधी बघा. समासात छोट्या अक्षरात काहीबाही खरडलेलं असतं. ‘जन. २०११’, ‘जीआर’, ‘११वी भूगोल’. एखादं उत्तर खोडून शेजारी नवं लिहिलेलं, वर तारीख. दिसायला गचाळ वही, पण ठाणे की पुणे हा घोळ त्या वहीत होत नाही. एका ग्रुपवर तर उत्तराबरोबर वर्ष लिहिलं नाही तर टिक मिळत नाही असा नियम आहे म्हणे. सुरुवातीला सगळे वैतागले, आणि रोजचे दहा प्रश्न पाचवर आले. माझ्या मते तिथेच तो ग्रुप कामाचा झाला.

तर या वेळचे आमचे प्रश्न, उत्तरं शेपटासकट. नवी मुंबई मेट्रोचा पहिला मार्ग कुठून कुठे? बेलापूर ते पेंधर, ११ स्थानकं, प्रवाशांसाठी १७ नोव्हेंबर २०२३ पासून. महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचा कोणता अंतिम सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला? २ नोव्हेंबर २०२५ चा, भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं तो. भारतातली पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे धावली, बरोबर? पहिली ‘प्रवासी’ रेल्वे म्हटलंत तर बरोबर, कारण मद्रासकडे १८३७ मध्येच दगड वाहून नेणारी रेल्वे होती. सीवूड्स स्टेशनच्या पाटीवर जोडीला कोणत्या गावाचं नाव आहे? दारावे.

शेवटच्या प्रश्नाला पर्याय नाहीत. तुम्ही राहता त्या सेक्टरच्या जागी १९७० च्या आधी काय होतं, आणि ती जमीन कोणत्या गावाची होती? गावठाणात एखाद्या आजी-आजोबांना विचारा, सातबारा बघा, जुना नकाशा शोधा. उत्तराबरोबर ते कुठून मिळालं हेही लिहा आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत आम्हाला पाठवा.