बौद्धिक दिव्यांग आणि स्वसंरक्षणकलेचे शिक्षक

शहरातील शाळेचे मैदान असो वा तालुक्याच्या गावातील समाजमंदिर, सायंकाळी पांढऱ्या पोशाखातील मुलांचा कराटेचा वर्ग आता महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसतो. कोल्हापूर-सांगलीकडील तालमींची परंपरा तर त्याहून पुष्कळ जुनी आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला घेऊन एखादी माता अशा वर्गाच्या दाराशी येते, तेव्हा शिक्षक काय उत्तर देतो यावर त्या मुलाचे पुढील कित्येक वर्षांचे शारीरिक शिक्षण अवलंबून असते. स्पष्ट नकार क्वचितच मिळतो. “पुढच्या बॅचला पाहू”, “त्याच्यासाठी वेगळी शाळा असते ना?” अशा सौम्य शब्दांतच बहुधा दार बंद होते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात अशा व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख आहे. आकलन व तर्क यांची गती कमी असणे आणि दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे पार पाडण्यात अडचण येणे, ही या अवस्थेची दोन लक्षणे होत. तो आजार नव्हे आणि वेडही नव्हे. शिकण्याची क्षमता असते. शिकण्यास वेळ अधिक लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० ने दिव्यांगांचा खेळात भाग घेण्याचा हक्क मान्य केला असून, त्यासाठी अभ्यासक्रम व कार्यक्रमांची पुनर्रचना करण्याची जबाबदारी शासन व क्रीडा प्राधिकरणांवर सोपविली आहे. तथापि, खाजगी वर्गाचे दार केवळ कायद्याने उघडत नाही. ते उघडणारा हात शिक्षकाचाच असतो.

शिक्षकांच्या मनातील शंका

शिक्षकांच्या मनात पहिली शंका येते ती अशी की, ठोसा आणि लाथ शिकलेला असा विद्यार्थी उद्या कोणावर तरी हात उगारील. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मानसिक वा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना लैंगिक हिंसेला बळी पडण्याचा धोका इतर मुलांच्या ४.६ पट असतो. ज्याला “नको” असे मोठ्याने म्हणणे, हात सोडवून घेणे आणि तेथून निघून जाणे सर्वांत आधी शिकविले पाहिजे, त्यालाच या विद्येपासून दूर ठेवले जाते, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

दुसरी शंका इजेची. ती निराधार नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही व्यक्तींच्या मानेतील पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा सैल असतो. त्यांना कोलांटी मारावयास लावणे किंवा ‘धोबीपछाड’सारखा डाव त्यांच्यावर टाकणे मज्जारज्जूला घातक ठरू शकते. म्हणून त्यांच्या बाबतीत वैद्यकीय तपासणी आधी आणि प्रवेश नंतर, हाच क्रम योग्य. मान दुखणे, चाल बदलणे, हातापायांना मुंग्या येणे अशी लक्षणे दिसताच सराव थांबवावा. अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याचे, प्रमाणही बौद्धिक अक्षमता असलेल्यांत सामान्य लोकांपेक्षा बरेच अधिक असते. मात्र ही कारणे विशिष्ट विद्यार्थ्यासाठी विशिष्ट डाव वर्ज्य करण्याची आहेत. त्या सर्वांना वर्गाबाहेर ठेवण्याची नव्हेत.

तिसरी अडचण सहसा बोलून दाखविली जात नाही, परंतु तीच सर्वांत मोठी असावी. “मला हे जमेल काय?” ही ती होय. शारीरिक शिक्षण देणाऱ्यांच्या दृष्टिकोनाविषयी अनेक देशांत जे अभ्यास झाले, त्यांतून एक गोष्ट पुन:पुन्हा आढळली आहे : अनुकूलता शिक्षकाच्या दयाळूपणापेक्षा, स्वत:च्या क्षमतेवरील त्याच्या विश्वासाशी अधिक निगडित असते, आणि हा विश्वास प्रशिक्षणाने तसेच अशा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष सहवासाने वाढतो. नकार देणारा शिक्षक निष्ठुर असतो असे नाही. बहुतेक वेळा त्याला कोणी शिकविलेलेच नसते.

कलेतच असलेली सोय

वस्तुत: या कलांची शिकविण्याची रीत अशा विद्यार्थ्याला सोयीची आहे. प्रवेश करताना नमस्कार, ठरलेली जागा, रोज तोच क्रम, एकेका हालचालीची शेकडो आवर्तने, आणि भाषणापेक्षा अनुकरणावर भर. विशेष शिक्षणाचे शिक्षक जी शिस्त प्रयत्नपूर्वक निर्माण करतात, ती येथे आयतीच असते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्यो येथे कोदोकान ही संस्था स्थापून ज्यूदोचा पाया घातला. परस्परांचे कल्याण हे तत्त्व त्यांनी या विद्येचे सूत्र मानले. सहकाऱ्याला सांभाळून पाडणे आणि स्वत: सुरक्षितपणे पडणे, हे दोन्ही तेथे शिकावे लागते. तोल लवकर जाणाऱ्या मुलाला पडण्याच्या या कलेचा उपयोग रस्त्यावर आणि जिन्यातही होतो.

स्पर्धांच्या क्षेत्रातही मार्ग मोकळा झाला आहे. ज्यूदो हा स्पेशल ऑलिम्पिक्सच्या मान्य खेळांपैकी एक असून, २०१९ च्या अबू धाबी आणि २०२३ च्या बर्लिन येथील जागतिक स्पर्धांत तो खेळला गेला. कराटेच्या जागतिक महासंघाने २०१४ साली ब्रेमेन येथे पॅरा-कराटेची पहिली जागतिक स्पर्धा घेतली. तीत बौद्धिक दिव्यांगांसाठी स्वतंत्र गट होता आणि लढतीऐवजी काता, म्हणजे हालचालींची ठरीव मालिका, सादर करावयाची होती. आपल्याकडे मल्लखांबाचे उदाहरण बोलके आहे. मूळ कुस्तीगिरांच्या या व्यायामात दिव्यांगांनाही सामावून घेणारे मुंबईचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पट्ट्याचा प्रश्न

वर्ग सुरू झाल्यावरही एक पेच राहतोच, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पिवळा, हिरवा, तपकिरी असे पट्टे द्यावयाचे कोणत्या कसोटीवर? काही शिक्षक कौतुकापोटी दर सहा महिन्यांनी पट्टा देऊन टाकतात. काही जण सात वर्षे झाली तरी पांढराच ठेवतात. दोन्हींत विद्यार्थ्याचा अवमान आहे. शेजारच्या मुलाने जो पट्टा घामाने मिळविला तो आपणास नुसताच मिळाला, हे त्यालाही कळते. कसोटीतील हालचाली कमी कराव्यात, जपानी नावांची घोकंपट्टी वगळावी, परीक्षा दोन दिवसांत विभागावी. परंतु जे ठरले ते त्याने करून दाखविल्यावाचून पट्टा देऊ नये. हाच मार्ग न्याय्य दिसतो.

प्रवेशाच्या वेळी पालकांना फिट, औषधे आणि मान यांबाबत तर विचारावेच. शिवाय मूल कशाला घाबरते आणि दुखल्यावर ते कसे सांगते, हेही विचारून घ्यावे. सूचना एका वेळी एकच द्यावी व ती करून दाखवावी. सरावाचा जोडीदार समंजस असावा, पण तो दर आठवड्याला बदलावा. अन्यथा मूल त्या एकाच्याच आधाराने चालू लागते. ज्यूदोत “थांब” सांगण्यासाठी हाताने दोनदा थोपटण्याची खूण आहे. ती पहिल्याच दिवशी शिकवावी आणि प्रतिस्पर्ध्याने थोपटले की पकड सोडणे मुलाच्या अंगवळणी पडेपर्यंत कोणताही डाव सुरू करू नये.