टचपॅड गेला म्हणण्याआधी

माळशिरसमध्ये आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत वर्गणी काढून घेतलेला एक लॅपटॉप आहे, दुसऱ्याने वापरून सोडलेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ त्यावर चढेना, म्हणून मुलांनी त्यात लिनक्स मिंट टाकले. ते फुकट मिळते आणि जुन्या यंत्राला झेपते. पण आठवडाभरातच एक मुलगी रडवेली होऊन आली. ती शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती आणि मुदतीला दोन दिवस उरले होते. नाव टाइप करता करता कर्सर उडून भलत्याच रकान्यात जाई, आडनाव वडिलांच्या उत्पन्नाच्या चौकटीत पडे. दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवले, तर यंत्र न उघडताच उत्तर मिळाले की पॅड गेला, बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून तिची आई गप्पच झाली.

मी कारकून माणूस, संगणकाचा इंजिनियर नव्हे. पण हिशेब जुळत नसला की आधी एकेक नोंद बाजूला काढून पाहायची, एवढे आम्हाला नोकरीने शिकवले आहे. आम्ही पहिल्यांदा चार्जर काढला. कर्सर जागच्या जागी थांबला.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टचपॅडच्या खाली बारीक तारांचे जाळे असते. बोट टेकले की तेथील विद्युतभार किंचित बदलतो आणि त्यावरून यंत्राला बोटाची जागा कळते. चार्जरमधून थोडी वीज नेहमीच झिरपत असते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर लॅपटॉपच्या अंगावर राहते, आणि पॅडला नसलेली बोटे दिसू लागतात. आपल्या कितीतरी घरांत अर्थिंग नावापुरतेच असते, आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत बसवून आपण काम भागवतो. चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या कडेला झिणझिण्या जाणवत असतील तर ही शंका पहिली घ्यावी. त्या मुलीने बॅटरीवर चाळीस मिनिटांत अर्ज भरला. पॅड तोच होता.

चार्जर काढूनही उडी थांबली नाही, तर बहुधा आपल्याच अंगठ्याचे मूळ पॅडला लागत असते. यंत्र त्याला टिचकी समजते आणि बाण जिथे असेल तिथे कर्सर नेऊन ठेवते. लिनक्समध्ये माऊस आणि पॅडची हालचाल समजून घेण्याचे काम लिबइनपुट नावाचा भाग करतो. २०१४ पासून तो घडत आला आहे आणि त्याची मुख्य जबाबदारी पीटर हटरर या अभियंत्याने वाहिली आहे. टाइप करत असताना पॅड क्षणभर बंद ठेवण्याची सोय त्यात आहे. मिंटच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘माऊस अँड टचपॅड’ उघडा, टचपॅडच्या पानावर ‘डिसेबल टचपॅड व्हाइल टायपिंग’ समोर खूण आहे का ते पाहा. तरीही भागले नाही तर ‘टॅप टू क्लिक’ ची खूण काढा, म्हणजे पॅड खाली दाबल्याशिवाय क्लिक होणार नाही. (घरातला मुलगा उलटी तक्रार करील की खेळताना कळ दाबून धरली की पॅड चालत नाही. ती याच खुणेची करामत आहे. खूण काढायची की नाही, हे परीक्षा किती जवळ आली आहे ते पाहून आईने ठरवावे.)

पॅड अगदीच मेल्यासारखा झाला तर या खिडकीपर्यंत पोचायचे कसे? विंडोजच्या चिन्हाची कळ दाबा, मेनू उघडेल. त्यात इंग्रजी अक्षरांत माऊस लिहून एंटर करा. कळफलक मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा, नाहीतर शोध रिकामा येतो. आम्ही यातच पाव तास घालवला होता. पुढे टॅबच्या कळीने सरकायचे आणि स्पेसने खूण करायची. कोणाचा तरी वायरचा माऊस पाच मिनिटे उसना आणला तर अधिक सोपे. वरच्या ओळीतल्या एखाद्या एफ-कळीवर पॅडचे चित्र असते. डावीकडच्या एफएन कळीसोबत ती चुकून दाबली गेली की पॅड बंद होतो. काही यंत्रांत बाहेरचा माऊस जोडला की पॅड झोपेल अशी सोय असते. बिनतारी माऊसचा इवलासा तुकडा लॅपटॉपच्या मागे विसरून राहिलेला असतो आणि आपण पॅडला दोष देतो.

सेटिंग्जमध्ये टचपॅडचे पानच दिसत नसेल, तर यंत्राला तो ओळखताच आलेला नाही. यंत्र झोपेतून उठल्यावर असे झाले असेल तर पूर्ण बंद करून चालू करावे, पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर लिनक्स कायमचे बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. पॅड, वायफाय, आवाज सारे तिथेच तपासता येते आणि आतल्या फायलींना धक्का लागत नाही.

एका गोष्टीत मात्र सेटिंग्ज चाळत बसू नये. पॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, दाबला जात नसेल किंवा आपोआप दाबला जात असेल, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. तशी बॅटरी पेट घेऊ शकते. यंत्र बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. तिथे पैसे वाचवू नयेत.

माऊसचे दुखणे त्या मानाने साधे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस लोकांना दाखवला. त्यांच्या पहिल्या माऊसचे अंग लाकडाचे होते आणि त्याखाली दोन चाके होती. आताचा माऊस खालचा पृष्ठभाग प्रकाशाने पाहतो, म्हणून काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर तो अडखळतो. खाली वर्तमानपत्र घाला. हा अंक वाचून झाल्यावर चालेल! एकदा दाबले की दोनदा क्लिक होत असेल तर सेटिंग्जमध्ये डावे-उजवे बटण अदलाबदल करून पाहा. डावे बटण उजव्याचे काम करतानाही दोनदा वाजू लागले, तर ते बटणच झिजले आहे आणि त्याला लिनक्स काही करू शकत नाही.

अभ्यासिकेच्या अर्थिंगसाठी गेल्या रविवारी मुलांनी मागच्या बाजूला खड्डा खणला. वायरमनने कोळसा आणि मीठ आणायला सांगितले आहे. मुलीची आई मिठाची पिशवी आधीच ठेवून गेली.