खेळाच्या यंत्रास अधिक जागा घ्यावी कीं न घ्यावी?

गेल्या मे महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसें भारती युद्ध होतां होतां टळलें. आमचा थोरला नातू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून परगांवीं वसतिगृहांत राहतो. धाकटा नातू, म्हणजे आमच्या दुसऱ्या चिरंजीवांचा मुलगा, नववींत आहे. २०२१ सालीं घरांत सोनी कंपनीचें ‘प्लेस्टेशन ५’ हें खेळाचें यंत्र आलें. तें कोणा एकाचें नसून घरांतील सर्व मुलांचें, असा निर्णय आम्हीं पहिल्याच दिवशीं दिला होता. सुटी लागतांच थोरला घरीं आला, सामान ओटीवर ठेवलें आणि यंत्रापाशीं जाऊन बसला. पांच मिनिटांत तो तणतणत आमच्या खोलींत आला.

“आजोबा, ह्यानें माझा खेळ पुसून टाकला! दोन वर्षांची माझी मेहनत गेली!”

“मी तरी काय करूं?” धाकटा मागून म्हणाला, “जागाच उरली नव्हती. दादा सहा सहा महिने इथें नसतोच.”

दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य होतें, आणि खरी अडचण तीच होती. मुलांचें भांडण मुलांतच राहिलें तर त्याचें कांहीं वाटत नाहीं. पण एकत्र कुटुंबांत तें स्वयंपाकघरापर्यंत पोंचावयास वेळ लागत नाहीं. त्या रात्रीं पानें वाढतांना दोन्ही सूनबाई एकमेकींशीं जेवढ्यास तेवढेंच बोलत होत्या, हें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं उभय पक्षांनीं मिळून एक तोड काढली. यंत्रांत एक टेराबाईटची आणखी एक एस.एस.डी. बसवावी, म्हणजे जागा वाढेल आणि तंटाच मिटेल. चिरंजीव पैसे द्यावयास तयार होते. आम्ही म्हणालों, “खर्चास आमची ना नाहीं, पण तो कशाकरितां करावयाचा, तें आधीं समजून घेऊं.” आमची हयात संस्कृत शिकविण्यांत गेली व शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, तेव्हां धाकट्यासच गुरु करून आठवडाभर आम्हीं या विषयाचें अध्ययन केलें. ज्यांच्या घरीं असें यंत्र एक व नातवंडें अनेक आहेत, त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून त्याचें सार येथें देत आहों.

प्रथम ही जागा म्हणजे काय तें पाहूं. खेळाचें यंत्र हा एक प्रकारचा संगणकच होय. त्याच्या पोटांत खेळ साठविण्याची जी जागा असते तिला मुलें ‘स्टोरेज’ म्हणतात. पूर्वीं हा प्रश्नच नसे. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा १९८५ सालचा प्रसिद्ध खेळ अवघ्या ४० किलोबाईटांत मावला होता, व तो आपल्या स्वतंत्र कॅसेटींत येत असे. खेळून झालें कीं कॅसेट काढून कपाटांत ठेवावी. कपाट भरलें तरी यंत्र कांहीं भरत नसे. १९९४ सालीं पहिलें प्लेस्टेशन निघालें, त्याचे खेळ थेट तबकडीवरून चालत. खेळणारा कोठवर आला याची नोंद तेवढी १२८ किलोबाईटांच्या एका लहान मेमरी कार्डावर राही.

आज स्थिति उलट आहे. तबकडी विकत आणली तरी तिच्यांतील खेळ यंत्रांत उतरवून घ्यावाच लागतो. तबकडीचें काम कुलुपाच्या किल्लीइतकेंच उरलें आहे. चित्रें जसजशीं सूक्ष्म झालीं, आवाज जसजसे खरे वाटूं लागले, तसतसा खेळांचा आकारहि फुगत गेला. २०१९ सालचा ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर’ हा खेळ वाढतां वाढतां २०० गिगाबाईटांच्या पुढें गेला. शंभर गिगाबाईट म्हणजे त्या जुन्या मारियोच्या पंचवीस लाख पट! आणि आमच्या यंत्रांत जागा किती? सांगण्यास ८२५ गिगाबाईट. त्यांपैकीं यंत्राच्या स्वतःच्या कारभाराचा भाग वगळतां खेळांकरितां उरतात ते सुमारें ६६७. म्हणजे शंभर गिगाबाईटांचे मोठे खेळ सहाच. घरांत खेळणारीं मुलें तीन असलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास दोन. भांडण होणारच.

येथवर ऐकल्यावर कोणीहि म्हणेल, कीं मग जागा घेणें प्राप्तच आहे. परंतु संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक सुंदर शब्द आहे. जें आपणांजवळ नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे त्याचें रक्षण करणें हा क्षेम. व्यवहारांत आपण या दोहोंची गल्लत करतों. त्या दिवशीं थोरला ज्यासाठीं हळहळत होता तो खेळ नव्हे. खेळ तर विकत घेतलेला आहे, तो कंपनीकडून पुन्हां कितीहि वेळां उतरवून घेतां येतो. हळहळ होती ती दोन वर्षांच्या प्रगतीची. ती प्रगति ‘सेव्ह्ड डेटा’ या नांवानें यंत्रांत निराळी नोंदलेली असते. खेळ पुसला तरी ही नोंद पुसली जात नाहीं. धाकट्यानें यंत्राच्या ‘सेटिंग्ज’मध्यें जाऊन यादी उघडली, आणि दादाच्या खात्याखालीं त्याच्या खेळाची नोंद जशीच्या तशी निघाली. आकार पाहिला तर शंभर गिगाबाईटांच्या मानानें नखाएवढा. थोरला क्षणभर गप्प राहिला, मग धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “आधींच कां नाहीं सांगितलंस?” धाकटा म्हणाला, “तूं बोलूं कुठें दिलंस?” त्या दिवशीं सायंकाळीं स्वयंपाकघरांतून हांसण्याचे आवाज आले, यावरून तह झाल्याचें आम्हीं ताडलें.

यांतून आणखी एक गोष्ट निघते, व तीच आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची. नवी एस.एस.डी. बसविली तरी या नोंदी तिच्यावर जात नाहींत. त्या यंत्राच्या मूळ जागेंतच राहतात. उद्यां यंत्रच बिघडलें तर बाहेरून घेतलेली जागा त्यांचें रक्षण करूं शकणार नाहीं. प्लेस्टेशन ५ च्या खेळांच्या नोंदी सुट्या सुट्या पेन ड्राइव्हवरहि उतरवितां येत नाहींत. ‘प्लेस्टेशन प्लस’ या वर्गणीच्या सोयीनें तेवढ्या त्या कंपनीच्या दूरस्थ साठ्यांत ठेवतां येतात. सबब, ज्याला आपली प्रगति जपावयाची आहे त्यानें जागेसाठीं पैसे काढण्यापूर्वीं या वर्गणीचा विचार करावा. जागेचा खर्च हा योगाचा आहे, क्षेमाचा नव्हे.

आतां जागा वाढविण्याचे मार्ग पाहूं. पहिला मार्ग फुकटचा : नको तो खेळ पुसावा, हवा तेव्हां पुन्हां इंटरनेटवरून उतरवावा. यास वेळ किती लागतो, तें त्रैराशिकानें काढतां येतें. शंभर गिगाबाईटांचा खेळ, शंभर मेगाबिटांचा वेग असला तर सुमारें सव्वादोन तासांत उतरतो. चाळीस मेगाबिटांचा असला तर साडेपांच तास. आणि दहाचा असला तर बावीस तासांहून अधिक. आमच्या घरीं रात्रीं निजतांना लावून ठेवलें तर सकाळच्या चहापूर्वीं काम होतें. परंतु आमचे भाचे कोंकणांत राहतात. त्यांच्याकडे इंटरनेटचा वेग पावसाच्या मर्जीवर असतो. तेथें हा मार्ग फुकटचा असूनहि महाग पडेल.

दुसरा मार्ग यू.एस.बी.नें जोडावयाच्या साध्या हार्ड डिस्कचा. येथें एक मेख आहे. प्लेस्टेशन ४ चे जुने खेळ अशा डिस्कवरून थेट खेळतां येतात. प्लेस्टेशन ५ चे खेळ तेथें नुसते ठेवतां येतात, खेळतां येत नाहींत. खेळण्यापूर्वीं ते यंत्राच्या पोटांत परत आणावे लागतात. याचें कारण वेगांत आहे. आंतील एस.एस.डी. सेकंदाला सुमारें साडेपांच हजार मेगाबाईट वाचते, तर साधी डिस्क शंभर-सवाशें. मात्र शंभर गिगाबाईट डिस्कवरून आंत आणावयास पंधरा-वीस मिनिटें पुरतात. डिस्क अडीचशें गिगाबाईटांपेक्षां लहान नसावी आणि मध्यें कोणताहि जोड न ठेवतां थेट यंत्रास लावावी, हें पथ्य.

तिसरा मार्ग आंत बसवावयाच्या एम.२ एस.एस.डी.चा, म्हणजे मुलांनीं सुचविलेला. यंत्रांत तिच्यासाठीं खांच मूळचीच आहे. सप्टेंबर २०२१ पासून कंपनीनें ती सर्वांस खुली केली, व २०२३ पासून तींत आठ टेराबाईटपर्यंतची पट्टी चालते. ती ‘जनरेशन ४’ची असावी, तिचा वाचनाचा वेग साडेपांच हजार मेगाबाईट किंवा अधिक असावा, व ती तापूं नये म्हणून वर धातूचा ‘हीटसिंक’ असावा. या सर्वांची मिळून उंची सव्वाअकरा मिलिमीटरपेक्षां अधिक झाली तर ती खांचेंत मावत नाहीं. स्वस्त पट्टी आणून मग हळहळण्यापेक्षां हीं मापें दुकानांतच पाहून घ्यावीं. हिच्यावरून खेळ थेट खेळतां येतात, हा हिचा मोठा गुण.

ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्टचें ‘एक्सबॉक्स सीरीज एस’ आहे त्यांची स्थिति अधिक बिकट. त्याच्या ५१२ गिगाबाईटांच्या प्रकारांत खेळांस सुमारें ३६४ च उरतात, आणि त्याचें विस्तार-कार्ड खास त्याच्याच जातीचें लागतें. २०२० सालीं अमेरिकेंत तें यंत्र तीनशें डॉलरांना होतें व एक टेराबाईटचें कार्ड दोनशें वीस डॉलरांना! घोड्यापेक्षां खोगीर फारसें स्वस्त नाहीं, अशांतली ही गत.

आतां खर्चाचा हिशेब. २०२५ च्या अखेरीपासून अशा वस्तूंचे भाव चढले आहेत, म्हणून आम्ही आंकड्यापेक्षां रीति देतों. एक टेराबाईटच्या पट्टीस बारा हजार रुपये पडतात असें मानूं. तींत शंभर गिगाबाईटांचे फार तर दहा खेळ मावतील, म्हणजे प्रत्येक खेळाच्या जागेस बाराशें रुपये. प्लेस्टेशन ५ भारतांत आलें तेव्हां त्याचा नवा मोठा खेळ ४,९९९ रुपयांना मिळे. तेव्हां खेळाच्या किंमतीच्या चौथ्या हिश्शाइतकें जागेचें भाडें झालें. जो खेळ आठवड्यांतून तीनदां खेळला जातो त्यास हें भाडें जड नाहीं. जो वर्षांतून दोनदां उघडला जातो त्याच्यासाठीं तें देणें म्हणजे दिवाळीच्या पाहुण्याकरितां वर्षभर खोली भाड्यानें घेऊन ठेवण्यासारखें आहे.

एवढा ऊहापोह आम्हीं घरांत करीत असतां आमच्या सौभाग्यवती तांदूळ निवडीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “यांत एवढें काय आहे? वर्षाचे तांदूळ कोठीच्या खोलींत असतात, आठवड्याचे डब्यांत. डबा लहान म्हणून कोणी स्वयंपाकघर वाढवीत नाहीं.” आठवडाभराच्या आमच्या अध्ययनाचें सार त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें. थोरल्या चिरंजीवांची एक जुनी दोन टेराबाईटची डिस्क कपाटांत पडून होती. ती यंत्रास जोडतांना तिच्यावरील सर्व मजकूर पुसला जातो. आणि तिच्यावर तर थोरल्याच्या मुंजीचीं छायाचित्रें होतीं. तीं आधीं दुसरीकडे उतरवून घेतलीं, आणि मग त्या डिस्कची कोठी केली. जो घरीं असेल त्याचे खेळ डब्यांत, जो परगांवीं असेल त्याचे कोठींत. आणि दुसऱ्याचा खेळ हलविण्यापूर्वीं त्याला फोन करावयाचा, असा नियम ठरला. वांचलेल्या पैशांतून वर्गणी भरली, म्हणजे नोंदींचाहि क्षेम झाला.

म्हणून एस.एस.डी. घेणें सर्वथा व्यर्थ, असें आमचें म्हणणें नाहीं. भाच्यांनीं विचारलें तेव्हां त्यांना आम्हीं ‘अवश्य घ्या’ म्हणूनच कळविलें. कारण बावीस बावीस तास इंटरनेटची वाट पाहण्याचें मोल त्यांना रोज द्यावें लागतें, आणि तिघे भाऊ रोज निरनिराळे खेळ खेळतात. जेथें खेळणारे पुष्कळ व नित्याचे आणि इंटरनेट मंद, तेथें हा खर्च योग्य. जेथें खेळणारा एक, किंवा इंटरनेट वेगवान, किंवा घरांत जुनी डिस्क पडून आहे, तेथें आधीं ती वापरून सहा महिने पाहावें. त्यानंतरहि अडचण भासली तर खुशाल घ्यावी.

दिवाळींत थोरला पुन्हां घरीं आला. यंत्रापाशीं गेला तों त्याचा खेळ डब्यांत तयार होता. धाकट्यानें तो आदल्या रात्रींच कोठींतून काढून ठेवला होता. त्यासाठीं त्याला स्वतःचे दोन खेळ कोठींत टाकावे लागले होते, आणि तसें करण्यास त्याला कोणीं सांगितलें नव्हतें.